वहीचं मागचं पान : एका गरगरण्याचं प्रकरण

मार्च संपत आला होता. शिमग्याला आलेले मुंबईकर परतले होते, हापूसची काढणी सुरू झाली होती, आणि देवगड तालुक्यात आजारी पडायला कोणालाच सवड नसते असे ते दिवस. सकाळी सातला दवाखान्यासमोर रिक्षा थांबली. शेजारणींनी दोन्हीकडून धरून एका बाईंना उतरवलं. वय ६१, डोळे घट्ट मिटलेले, हातात उलटीसाठी प्लास्टिकची पिशवी. या काकींना मी वीस वर्षं ओळखतो. चाळीसेक कलमांची बाग एकट्या बघतात, काढणीला गड्यांच्या आधी बागेत हजर असतात, आणि दवाखान्यात येतात ते बहुतेक दुसऱ्या कोणाला तरी घेऊन.

"डॉक्टरानू, कुशीर वळलंय काय घर फिरता," त्या म्हणाल्या.

पहाटे झोपेत उजव्या कुशीवर वळल्या आणि डोक्यावरचे वासे, कौलं, सगळं गरागरा फिरायला लागलं. उलटी झाली. थोड्या वेळाने थांबलं. उठून बसल्या तर पुन्हा तेच.

मी बीपी घेतलं, १६०/९०. भेदरलेल्या माणसाचं तेवढं असतंच. साखर ठीक, बोलणं ठीक, हातापायांची ताकद ठीक. उलटीचं इंजेक्शन दिलं, चकरेच्या गोळ्या लिहिल्या, पित्ताची एक गोळी जोडली (आमच्याकडे ती नसली तर औषध अपुरं वाटतं), आणि दोन दिवस आराम करा म्हणून पाठवून दिलं. बाहेर अकरा जण बसले होते.

निदान काकींनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. मी त्यातलं 'घर फिरता' तेवढं ऐकलं, 'कुशीर वळलंय काय' हे कानाआड केलं. त्यानंतरचे अडीच महिने आणि पन्नास हजारांवरचे रुपये त्या तीन शब्दांपायी गेले. म्हणून हे प्रकरण लिहून काढतो आहे. काकींची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चक्कर म्हणजे नक्की काय

आपल्याकडे चक्कर या एका शब्दात चार-पाच वेगळी दुखणी कोंबलेली असतात. उपाशीपोटी उन्हात उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती भोवळ किंवा घेरी. त्यात रक्तदाब, रक्तातलं लोह, हृदयाचे ठोके हे बघायचं. खाट, भिंती, छप्पर फिरतंय असं वाटतं ते गरगरणं. त्याचं मूळ बहुतेक वेळा कानात, कधीकधी मेंदूत. चालताना झोक जातो पण डोकं शांत असतं, तेव्हा पायांच्या नसा, डोळे, गुडघे, लहान मेंदू यांची चौकशी करायची. घाटात गाडी लागते, समुद्रात बोट लागते, तो प्रकार आणखी वेगळा. चार दिवस मासेमारी करून बंदरावर उतरलेल्या खलाशाला जमीन हलल्यासारखी वाटते, आणि त्याला कोणी आजार म्हणत नाही.

जुन्या बायका हे शब्द नेमके वापरतात. घेरी आली म्हणणारी बाई आणि गरगरतं म्हणणारी बाई वेगवेगळं सांगत असते. आम्ही डॉक्टर केसपेपरवर दोन्हीकडे 'गिडीनेस' लिहून मोकळे होतो आणि तिथेच माहिती सांडते.

काकींचं दुखणं गरगरण्याचं होतं, तेही ठरावीक हालचालीने सुरू होणारं आणि मिनिटाच्या आत थांबणारं. याला वैद्यकीय नाव लांबलचक आहे, सगळे बीपीपीव्ही म्हणतात. आपल्या आंतरकर्णात तोल सांभाळणारं एक छोटं यंत्र असतं. त्यात एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक चिकटलेले असतात. तिसऱ्यांच्या शिंपल्या ज्या द्रव्याच्या, त्याच द्रव्याचे, फक्त इतके सूक्ष्म की मिलिमीटरचे शेकडो भाग करावेत. त्यांच्या वजनाने आपल्याला खाली कुठे आणि वर कुठे हे कळतं. वय वाढलं, डोक्याला मार लागला किंवा काही कारण नसतानाही यातले थोडे स्फटिक सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये घरंगळतात. या नलिका डोकं वळल्याची खबर मेंदूला देतात. माणूस कुशीवर वळून स्थिर झाला तरी आतले कण घसरतच असतात, नलिकेतलं पाणी हलत राहतं, आणि मेंदूला खबर जाते की डोकं अजून फिरतंय. डोळे त्या खोट्या खबरेवर नाचतात. कण तळाशी बसले की सगळं थांबतं. पुन्हा वळलं की पुन्हा.

एवढंच आहे ते. बाटलीतल्या गाळासारखं.

घाटावर

दोन दिवसांनी काकी बऱ्या नव्हत्या. शेजारच्यांनी मानेचा मणका ठरवला. आमच्या भागात चक्कर आणि मणका ही जोडी इतकी घट्ट आहे की ती फोडायला जाणारा डॉक्टर अडाणी ठरतो. तालुक्याला जाऊन मानेचा एक्स-रे निघाला, आणि त्यात झीज दिसली. ती दिसणारच. एकसष्टीच्या बाईच्या मानेत झीज दिसली नाही तर फिल्म दुसऱ्याच कोणाची आहे असं समजावं. गळ्याला पट्टा लागला. पट्ट्याने एक फायदा झाला: मान वळेना, म्हणून गरगर कमी झाली. त्यामुळे मणक्याच्या निदानावर शिक्कामोर्तब झालं.

मध्येच एकदा देवळात कौल लावून झाला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, नारळ आणि कोंबडा कबूल झाला. याच्यावर हसू नये. बीपीपीव्हीतले बरेच रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, आणि त्या वेळी जो उपाय चालू असेल, मग तो पट्टा असो, गोळी असो की कौल, त्याचं नाव होतं. माझ्या गोळ्यांची कीर्तीही याच वाटेने वाढलेली आहे.

काकी मात्र आपोआप बऱ्या होणाऱ्यांपैकी नव्हत्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पट्टा काढून अंघोळीला बसल्या, केस धुवायला मान मागे केली आणि मोरीतच आडव्या झाल्या. मुंबईहून मुलगा रातोरात निघाला. आता मेंदूचं काही असेल तर? हा प्रश्न एकदा घरात शिरला की त्याला एमआरआयशिवाय बाहेर काढता येत नाही. भाड्याची गाडी केली. तळेरे, वैभववाडी, करूळचा घाट, गगनबावडा, कोल्हापूर. कुशीवर वळल्यावर जिचं घर फिरतं तिला घाटाच्या प्रत्येक वळणावर काय झालं असेल ते लिहीत नाही. मुलगा म्हणाला, आई सगळा वेळ पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून बसली होती, देवाचं नावही घेत नव्हती.

शहरातल्या एका रुग्णालयात दोन रात्री ठेवलं. मेंदूचा एमआरआय, हृदयाची इको, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, रक्ताच्या डझनभर तपासण्या. सगळं नॉर्मल. डिस्चार्ज कार्डावर व्हर्टायगो, रक्तदाब आणि मानेची झीज, अशी तीन निदानं एकाखाली एक. गोळ्या वाढल्या. मुलगा आनंदात होता: "मेंदू एकदम चांगला आहे म्हणाले."

चांगलाच होता. पण त्या दोन दिवसांत काकींना आडवं करून, मान खाली लोंबकळती ठेवून, त्यांचे डोळे कोणी बघितले नाहीत. याला फार तर दोन मिनिटं लागतात. त्या डॉक्टरांना नावं ठेवणं सोपं आहे, पण पहिल्या सकाळी माझ्याकडेही टेबल होतंच.

जगभर हाच फेरा

हा गोंधळ आमच्या लाल मातीतला आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. शहरात, परदेशात यांना चटकन कळत असेल. तसं नाही. जर्मनीत लोकसंख्येतून नमुना निवडून एक पाहणी झाली, २००७मध्ये ती छापून आली. तिच्यानुसार प्रौढांपैकी २.४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी बीपीपीव्ही होतो, आणि कुठल्याही एका वर्षात १.६ टक्के लोकांना त्याचा त्रास होत असतो. त्रास झालेल्यांपैकी ८६ टक्के लोकांना डॉक्टर गाठावा लागला, रोजचं काम थांबवावं लागलं किंवा रजा काढावी लागली. आणि योग्य उपचार किती जणांना मिळाला? ८ टक्के. जर्मनीत! हा आकडा वाचला त्या दिवशी मला थोडं बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटल्याची लाजही.

आता हा १.६ टक्का इथे लावून बघू. जर्मनीची टक्केवारी सिंधुदुर्गाला जशीच्या तशी बसणार नाही, फक्त आवाका कळावा म्हणून. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ४९ हजार होती. त्यातले प्रौढ सव्वासहा लाख धरले तर वर्षाला दहा हजार माणसं. या आजारात बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त, आणि वय पन्नाशी-साठीनंतरचं. आता आमच्या गावांकडे बघा. तरुण मुंबईत, घरी आई. २०११मध्ये महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त बायका असलेले जिल्हे दोनच होते, रत्नागिरी ११२२ आणि सिंधुदुर्ग १०३६. या आजाराला हवी तशी वस्ती आम्ही तयार करून ठेवली आहे.

बीपीपीव्ही हा तोलाच्या दुखण्यांमधला एक तुकडा. अमेरिकेत २००१ ते २००४ या काळात चाळिशीपुढच्या लोकांना मऊ फोमवर, डोळे मिटून, उभं करून बघितलं. ३५.४ टक्के लोकांना ते जमलं नाही, म्हणजे त्या देशात सुमारे ६ कोटी ९० लाख माणसं. त्यातल्या अनेकांना आपल्याला काही झालंय हे ठाऊकही नव्हतं. ज्यांची चाचणी बिघडलेली होती आणि शिवाय चक्करही येत होती, त्यांच्यात पडण्याची शक्यता बारा पट आढळली.

खर्चाचं म्हणाल तर अमेरिकेत २०११ साली चक्कर म्हणून आपत्कालीन विभागात ३९ लाख खेपा झाल्या आणि त्यावर ३.९ अब्ज डॉलर गेले. म्हणजे खेपेला हजार डॉलर. सुमारे ४० टक्के लोकांचा स्कॅन निघाला. बीपीपीव्हीच्या बाबतीत तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांत दिलेला आकडा असा, की एका रुग्णाचं निदान होईपर्यंत सुमारे २००० डॉलर खर्च होतात. उपचाराचे नव्हेत, नुसते निदानापर्यंत पोचण्याचे. उपचाराला टेबल लागतं आणि दोन हात.

या रकमांत विमा कंपन्या आणि सरकार यांचा वाटा असतो. आपल्याकडे २०२१-२२च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोक थेट खिशातून भरतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, आणि मोठ्या शस्त्रक्रियेला ती खरोखर उपयोगी पडते, मी स्वतः माणसं पाठवली आहेत. पण ती भरती झालेल्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांसाठी. चक्कर येते म्हणून केलेला एक्स-रे, महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळ्या, घाट चढायला केलेली गाडी हे तिच्यात बसत नाही. चकरेचा खर्च असाच असतो, फुटकळ. एकदम मोठी रक्कम कुठेच नाही, म्हणून तो कोणाच्या नजरेतही भरत नाही.

मोरीच्या वाटेवर

मेच्या पहिल्या आठवड्यात काकी पडल्या. रात्री दोनला उठल्या, लाईट गेलेली, पडवीच्या पायरीवरून तोल गेला आणि उजव्या हातावर आल्या. मनगट मोडलं. हाड बसवून प्लास्टर घातलं, सहा आठवडे.

इथे मला स्वतःकडे बघावंच लागतं. चकरेच्या ज्या गोळ्या त्या घेत होत्या त्यांतली एक झोप आणणारी होती, ती मी सुरू केलेली, शहरातल्या डॉक्टरांनी चालू ठेवलेली, आणि मी पुन्हा लिहून दिलेली. या औषधांनी कानातले कण जागेवर येत नाहीत. मळमळ दाबतात, दोनचार दिवस घ्यायला हरकत नाही. महिनोन्‌महिने घेतली तर मेंदू तोल सावरायला शिकतो तेही लांबतं, म्हाताऱ्या माणसाला सुस्ती येते, काहींना तर कंपवातासारखा ताठरपणा येतो. बीपीपीव्हीवर ती सवयीने देऊ नयेत असं मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. पडवीची पायरी, काळोख, कानातले कण आणि माझी गोळी यांतलं नक्की कशाने काकी पडल्या हे ठरवता येणार नाही. गोळीला मी यादीतून वगळू शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत पडल्यामुळे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात. काकींचं मनगटावर निभावलं. खुब्याचं हाड असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पडलेल्या माणसाच्या कागदावर 'फ्रॅक्चर' लिहिलं जातं, 'चक्कर' लिहिली जात नाही. तोलाच्या दुखण्याचा निम्मा खर्च असा हाडांच्या खात्यात जमा होतो, असं मला माझ्या दवाखान्यापुरतं तरी वाटतं.

आंब्याचं काय झालं ते सांगायला हवं. ऐन मोसमात हात गळ्यात. घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) धरता येईना, गड्यांवर नजर ठेवता येईना, अढी लावायला वाकलं की गरगर. शेवटी झाडावरचा उरलेला आंबा व्यापाऱ्याला उक्ता देऊन टाकला.

टेबल

जूनच्या मध्याला प्लास्टर निघालं. पाऊस लागला होता. काकी हात दाखवायला आल्या, बरोबर मुलगा. छातीत धडधडतं म्हणाल्या म्हणून ईसीजी काढावा असं ठरवलं आणि त्यांना टेबलावर आडवं केलं.

माझ्या टेबलाचं डोक्याकडचं पान गेली तीन वर्षं मोडलेलं आहे. बिजागरी गंजली, खाऱ्या हवेत दुसरं काय होणार. त्यामुळे उंच माणसाचं डोकं टेबलाच्या कडेवरून थोडं खाली जातं. काकी उंच आहेत. आडव्या झाल्या, डोकं कडेखाली गेलं, आणि उजव्या बाजूला खिडकीशी मुलगा उभा होता त्याच्याकडे त्यांनी मान वळवली.

चार-पाच सेकंद काहीच नाही. मग त्यांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की नखं रुतली. "फिरता, फिरता!" मी डोळ्यांकडे बघितलं. दोन्ही बुबुळं झटक्या-झटक्याने कपाळाकडे उडत होती आणि त्याच वेळी खालच्या, उजव्या कानाच्या दिशेने पिळली जात होती, घड्याळाचा काटा एकाच आकड्यावर अडकून थरथरावा तशी. मी मनात मोजलं. वीस सेकंदांच्या आत थरथर मंदावली आणि थांबली. काकींनी दंड सोडला.

हे चित्र मी शेवटच्या वर्षाच्या पुस्तकात बघितलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. १९५२मध्ये लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी ही चाचणी नीट मांडली: बसलेल्या माणसाची मान एका बाजूला पंचेचाळीस अंश वळवून त्याला झटकन आडवं करायचं, डोकं टेबलाच्या कडेखाली आणायचं आणि डोळे बघायचे. त्याच्याही आधी, १९२१मध्ये, रॉबर्ट बारानीने असा रुग्ण वर्णन केला होता. याच बारानीला कानातल्या तोलयंत्रावरच्या कामासाठी १९१४चं नोबेल मिळालं, आणि जाहीर झालं तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. इतकं जुनं, इतकं पाठ केलेलं ज्ञान. आणि मला ते मोडक्या बिजागरीने दाखवावं लागलं.

ईसीजी बाजूला ठेवला. त्या रात्री पुस्तकं आणि व्हिडिओ बघून, उशीला पेशंट करून, हालचाली घोटल्या. दुसऱ्या दिवशी काकींना दुपारी, गर्दी नसताना बोलावलं.

ही पद्धत अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली यांची. त्यांनी १९८०च्या दशकात ती बसवली, बरीच वर्षं बरोबरीच्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं, शेवटी १९९२मध्ये निबंध छापून आला. तत्त्व साधं: नलिका वळणाची आहे, तर डोकं अशा क्रमाने फिरवायचं की कण त्या वळणावरून घरंगळत मूळच्या पिशवीत परत पडतील. पायलीला तळाशी अडकलेला दाणा आपण फिरवून फिरवून काढतो, तसं.

काकींना टेबलावर पाय लांब करून बसवलं. मान उजवीकडे वळवली, आडवं केलं, डोकं कडेखाली. पुन्हा डोळे नाचले, पुन्हा दंड धरला गेला. थांबलं. तिथेच अर्धं-पाऊण मिनिट. मग डोकं खालीच ठेवून मान हळूहळू डावीकडे, पुन्हा तेवढा वेळ. मग सगळं अंग डाव्या खांद्यावर आणि नाक जमिनीकडे. इथे त्या म्हणाल्या, "पडतंय मी." मुलगा पुढे उभा होता, त्याने खांदा धरला. शेवटी हनुवटी छातीशी ठेवून उठवून बसवलं. सगळे मिळून पाच मिनिटं. थोडं थांबून पुन्हा तपासलं तर थरथर बरीच कमी, पण होती. दोन दिवसांनी परत केलं. तिसऱ्या खेपेला डोकं कडेखाली नेलं तर काकी छताकडे बघत होत्या, बुबुळं स्थिर.

"झाला?" त्यांनी विचारलं. एवढ्याने झालं यावर त्यांचा विश्वास बसेना. गोळी नाही, सुई नाही. मी सगळ्या गोळ्या बंद केल्या तेव्हा तर त्या नाराजच झाल्या.

पहिल्या खेपेला साधारण दहापैकी आठ रुग्ण बरे होतात, उरलेल्यांना दुसरी-तिसरी खेप लागते. मानेचा गंभीर आजार असेल तर काळजी घ्यावी लागते, आणि कण दुसऱ्या नलिकेत असतील तर हालचालही दुसरी. कोणत्या कानाचा दोष हे ओळखल्याशिवाय घरच्या घरी व्हिडिओ बघून करू नये.

मागचं पान

काकींची आंब्याच्या हिशेबाची वही आहे, लांबट, लाल पुठ्ठ्याची. पुढून पेट्या, गड्यांची मजुरी, खत, फवारणी. मागून उलटी धरली की त्या वर्षीचं आजारपण. मी बघायला मागितली तेव्हा जरा संकोचल्या, माझं नावही त्यात होतं.

रिक्षा, माझी फी आणि पहिल्या गोळ्या १,१५०. एक्स-रे आणि पट्टा १,२५०. कोल्हापूरची गाडी ६,०००. दोन रात्रींची भरती १३,४००, एमआरआय ७,५००, बाकीच्या तपासण्या ६,३००. महिनोन्‌महिन्यांच्या गोळ्या २,७००. मुलाच्या दोन खेपांचं भाडं ४,८००. त्याचा बुडालेला पगार लिहिलेला नव्हता. हात ११,४५०. देवाचे ५५१. बेरीज ५५,१०१. त्याखाली 'आंबो' असं लिहून पुढे आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ ओढलेली. मी विचारलं नाही.

आणि अगदी शेवटी: मान वळवली, ३ वेळा, ४५०.

या पानावरचा एमआरआय वाया गेला असं मात्र मी सरसकट म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, आला होता, पंचावन्नचा. पहाटेपासून गरगर, ती थांबतच नव्हती, पडून राहिला तरी चालूच. धरल्याशिवाय उभं राहता येईना, आवाज घोगरा झालेला आणि उचकी थांबेना. त्याला मी टेबलावर आडवंही केलं नाही, सरळ घाटावर पाठवला. मेंदूच्या मागच्या भागातला झटका निघाला. फरक इथे आहे: डोकं स्थिर ठेवल्यावर मिनिटाभरात थांबते ती गरगर बहुधा कानातली. तासन्‌तास सतत चालणारी, आणि सोबत दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, अंगाची एक बाजू लुळी पडणं, कधी नव्हे इतकी डोकेदुखी किंवा उभंच न राहता येणं, अशातलं काही असेल तर पैशांचा विचार न करता गाडी बोलवायची. अशा झटक्यात पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयसुद्धा चुकू शकतो, म्हणून तो नॉर्मल आला तरी लक्षणं बघत राहावं लागतं.

काकींच्या बाबतीत यातलं एकही लक्षण कधीच नव्हतं. त्यांना विचारायचे प्रश्न तीनच होते. काय केल्यावर फिरतं, किती वेळ फिरतं, आणि कुठल्या कुशीवर. पहिल्याचं उत्तर त्यांनी न विचारताच दिलं होतं.

हा आजार उलटतो. पाच वर्षांत निम्म्या लोकांना पुन्हा होतो असं धरून चालावं. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते कॅल्शियमसोबत भरून काढल्याने उलटण्याचं प्रमाण कमी होतं असं कोरियातल्या, २०२०मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं, वर्षाला सुमारे २४ टक्क्यांनी. काकींचं कमी निघालं, ऊन अंगावर घेत आयुष्य गेलेल्या बाईचं. गोळ्या चालू केल्या.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी फोन आला. घरात चाकरमानी भरलेले, मागे गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायचा गलका ऐकू येत होता.

"डॉक्टरानू, परत फिरता. पण ह्या टायमाक डावी कूस."

या म्हटलं. टेबलाचं पान मी अजून दुरुस्त केलेलं नाही. डाव्या बाजूने एकदाच करावं लागलं. दीडशे रुपये दिले, रिक्षा बाहेर थांबवून ठेवली होती तिचे जाऊन-येऊन तीनशे, आणि उकडीच्या मोदकांची पिठी भिजत घातलीय म्हणून चहालाही न थांबता निघाल्या.